लेसरचा आकडा येतो कुठून? उसाच्या पानावरून समजून घेऊ

२०२३च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान-३चा प्रज्ञान रोव्हर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या भागात फिरत होता. त्याच्यावरच्या एका उपकरणाने जमिनीवर लेसरचे ठोके मारले, उडालेल्या ठिणगीचा प्रकाश तपासला आणि तिथे गंधक असल्याचे दाखवून दिले. हे उपकरण इस्रोच्या बेंगळुरूमधल्या ‘लिऑस’ प्रयोगशाळेत तयार झाले होते. गंधक ‘आहे’ ही त्या बातमीतली पक्की गोष्ट. ‘किती आहे’ हा त्याच्या पुढचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर काढायची मेहनत अगदी वेगळी असते. या लेखात त्या मेहनतीबद्दल बोलायचे आहे.

कारण हीच पद्धत उसाच्या पानावरही चालते. तिचे इंग्रजी नाव लांबलचक आहे, प्रयोगशाळेत सगळे तिला ‘लिब्स’ म्हणतात. ब्राझीलमध्ये साओ पावलो राज्यातल्या संशोधकांनी उसाच्या पानातली पोषकद्रव्ये लिब्सने मोजण्यावर बरेच काम केले आहे. आपला बेळगाव जिल्हाही उसाचाच. अथणी-कागवाड-रायबागची काळी रानं, हुक्केरी-गोकाकचा घटप्रभेचा पट्टा, निपाणीकडे वेदगंगा-दूधगंगेचे पाणी, सगळीकडे ऊस. पान तपासून खत ठरवायचे तर आज पान वाळवून, दळून, नायट्रिक आम्लात शिजवून ते द्रावण यंत्राला द्यावे लागते. खात्रीचे काम आहे, पण वेळ जातो, आम्ल लागते, धूर काढायला सोय लागते. लेसरला यातले फारसे काही लागत नाही. वाळलेल्या पानाची भुकटी दाबून गोळी केली की काम सुरू. म्हणून उद्या हे तंत्र आपल्या भागात आले तर स्वागतच आहे. फक्त एक गोष्ट आधीच कळून असावी. पानात जस्त आहे की नाही हे आपल्याला विचारायचे नसते, ते असतेच. किलोमागे १२ मिलिग्रॅम आहे की २० हे विचारायचे असते. आणि त्याचे उत्तर लेसर एकटा देऊ शकत नाही.

आत काय घडते ते बघू. लेसरचा एक ठोका काही नॅनोसेकंदच टिकतो, म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग गुणिले पाच-दहा. तेवढ्यात सगळी ऊर्जा टाचणीच्या टोकाहून लहान जागेवर पडते. तिथली किंचितशी भुकटी उडते आणि तिचे तापमान दहा हजार अंशांच्या घरात जाते. रेणू फुटतात, अणू सुटे होतात, काहींचे इलेक्ट्रॉनही निघून जातात. या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात. पहिल्या क्षणी तो नुसता पांढराफेक उजेड टाकतो, त्यात ओळखण्यासारखे काही नसते. म्हणून यंत्र साधारण एक मायक्रोसेकंद थांबते आणि मगच कॅमेरा उघडते. तोवर प्लाझ्मा थोडा निवलेला असतो आणि एकेक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या तरंगलांबीचा प्रकाश देऊ लागते. या प्रकाशाच्या आलेखाला वर्णपट म्हणतात आणि त्यात दिसणाऱ्या एकेका उंचवट्याला रेषा. जस्ताची एक रेषा २१३.८६ नॅनोमीटरला, कॅल्शियमच्या दोन ठळक रेषा ३९३.३७ आणि ३९६.८५ला, पोटॅशची जोडी ७६६.४९ आणि ७६९.९०ला. या जागा निसर्गाने ठरवलेल्या आहेत. चंद्रावर जिथे, तिथेच खानापुरात.

रेषेची जागा पक्की, तिची उंची मात्र पक्की नाही. लेसर आज जरा जोरात लागला, भिंग अर्धा मिलिमीटर खाली-वर झाले, गोळी सैल दाबली गेली, पावसाळी हवेत भुकटीने ओल धरली, काचेवर धूळ बसली, की त्याच पानातल्या त्याच जस्ताची रेषा लहान-मोठी होते. कॅमेरा जे देतो ते प्रकाशाचे माप असते. त्यात मिलिग्रॅम कुठेच नसतात.

कारखान्याच्या वजनकाट्याचेही तसेच आहे. ट्रॉली काट्यावर चढली की खालच्या लोडसेलमधून विजेचा एक बारीक सिग्नल येतो. लोडसेलला टन ठाऊक नसतो. वजनमाप खात्याचे अधिकारी प्रमाणित वजने ठेवून तपासतात आणि अमुक सिग्नल म्हणजे अमुक टन हे ठरते. वजनेच चुकीची असली तर काटा कितीही भारी कंपनीचा असला तरी ऊस उत्पादकाचे नुकसान ठरलेले. ही गोष्ट आपल्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

लेसरलाही अशी ‘वजने’ लागतात. ज्यांतल्या मूलद्रव्यांचे प्रमाण आधीच खात्रीने मोजलेले आहे असे नमुने, म्हणजे प्रमाणित नमुने. अमेरिकेची ‘निस्ट’ ही मापन संस्था पानांच्या भुकटीच्या अशा बाटल्या प्रमाणपत्रासह विकते. सफरचंदाच्या पानांचा नमुना क्रमांक १५१५, त्यात जस्त किलोमागे सुमारे १२.५ मिलिग्रॅम. पीचच्या पानांचा १५४७, त्यात १७.९. टोमॅटोच्या पानांचा १५७३ए, त्यात ३०.९. तिन्हींच्या गोळ्या करायच्या, तिन्हींवर सारखेच ठोके मारायचे, आणि आलेखावर आडवे जस्ताचे प्रमाण, उभी रेषेची उंची मांडून तीन ठिपके काढायचे. त्यांतून जाणारी सरळ रेघ म्हणजे कॅलिब्रेशन. मग आपल्या पानाची उंची घ्यायची, रेघेवरून खाली उतरायचे आणि मिलिग्रॅम वाचायचे.

आकड्यांत करून बघू. हे आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत. समजा सफरचंदाच्या गोळीला उंची आली ०.३००, पीचला ०.४०८, टोमॅटोला ०.६६८. प्रमाण आणि उंची ताडून पाहिली तर दर मिलिग्रॅमला ०.०२ वाढ दिसते. पण १२.५ला ०.०२ने गुणले तर ०.२५० येते, आणि आपल्याकडे आहे ०.३००. उरलेले ०.०५० कुठले? ते जस्ताचे नाही. प्लाझ्माचा मागे राहिलेला उजेड आणि कॅमेऱ्याची स्वतःची कुरकुर यांचे ते आहे. जस्त शून्य असते तरी ते आलेच असते. आता अथणीच्या एका पानाची उंची आली ०.३४०. आधी ०.०५० वजा करायचे, मग ०.०२ने भागायचे, म्हणजे जस्त १४.५. वजाबाकी विसरलात तर ०.३४० भागिले ०.०२, म्हणजे १७. उसाच्या पानात जस्त साधारण १५च्या खाली गेले की कमतरता धरतात. म्हणजे एका वजाबाकीने ‘जस्त द्या’चे ‘गरज नाही’ होते. पान तेच, यंत्र तेच, लेसरही तोच.

इथपर्यंतचे कुठल्याही मोजमापाला लागू होईल. खरी अडचण पुढे आहे, आणि जैविक नमुन्यांत ती फार टोकदार होते. पीच, सफरचंद आणि टोमॅटो यांच्या पानांवर केलेली रेघ उसाच्या पानाला चालेल का? ऊस हे गवत आहे. गवताच्या पानात सिलिका भरपूर असते. उसाचे पान हाताला कापते ते त्याच्या कडेच्या बारीक सिलिकायुक्त दातऱ्यांमुळे. पीच-सफरचंदाच्या पानात सिलिका त्या मानाने फारच कमी. म्हणून दोन्हींच्या गोळ्या वेगळ्या दाबल्या जातात, लेसरच्या एका ठोक्याला वेगवेगळी भुकटी उडते आणि प्लाझ्माचे तापमानही सारखे राहत नाही. जस्त तेवढेच असूनही रेषेची उंची वेगळी येते. मोजायच्या मूलद्रव्याभोवतीचा जो बाकीचा सगळा ऐवज असतो त्याला ‘मॅट्रिक्स’ म्हणतात. प्रमाणित नमुन्याचा मॅट्रिक्स आणि आपल्या नमुन्याचा मॅट्रिक्स जुळला पाहिजे, या एका वाक्यासाठी या क्षेत्रातल्या लोकांनी आयुष्ये घातली आहेत.

उपाय सांगायला सोपा आहे: उसाच्या पानाला उसाच्याच पानाची वजने. करायला तो किचकट. ब्राझीलमधल्या संशोधकांनी एक सुंदर वाट काढली. उसाच्या पानाची भुकटी सौम्य नायट्रिक आम्लात धुऊन तिच्यातली बरीचशी पोषकद्रव्ये काढून घेतली. मागे राहिला तो जवळजवळ रिकामा उसाचाच सांगाडा: तंतू, सिलिका, सगळे उसाचे. ही रिकामी भुकटी आणि मूळ भुकटी वेगवेगळ्या प्रमाणात मिसळली की एकाच मॅट्रिक्सचे, पण चढत्या प्रमाणाचे नमुने मिळतात. त्यांतले खरे प्रमाण आम्लात विरघळवण्याच्या जुन्या पद्धतीने मोजून घ्यायचे. म्हणजे नवी पद्धत जुन्या पद्धतीच्या खांद्यावर उभी आहे. लेसर आला म्हणून आम्लाची प्रयोगशाळा बंद करता येत नाही.

दुसरी वाट म्हणजे भुकटीत जस्ताचे मोजलेले द्रावण घालून वाळवायचे. सोपी आहे, पण माझा तिच्यावर कमी विश्वास आहे. वरून ओतलेले जस्त कणांच्या पृष्ठभागावर मिठासारखे बसते, पानातले मूळचे जस्त पेशींच्या आत प्रथिनांना बांधलेले असते. लेसर बारीक जागेवर मारा करतो, तेव्हा हा फरक त्याला जाणवू शकतो.

म्हणून माझे ठाम मत आहे की आपल्याकडे हे तंत्र आणायचे तर यंत्राच्या खरेदीआधी इथल्या पानांच्या भुकटीचा संच तयार व्हायला हवा. संकेश्वरचे ऊस संशोधन केंद्र आहे, बेळगावात एस. निजलिंगप्पा साखर संस्था आहे, अशा ठिकाणी हे काम शोभेल. अथणीच्या चुनखडीच्या रानातला को ८६०३२ जातीचा ऊस, खानापूरकडच्या तांबड्या मातीतला ऊस, लागण आणि खोडवा दोन्ही, खत भरपूर मिळालेला आणि न मिळालेलाही. वरून तिसरे पान, मधली शीर काढून टाकलेले, मधला भाग. एकच रान आणि एकच जात घेऊन केलेले कॅलिब्रेशन त्या रानापुरते बरोबर निघते आणि ओढा ओलांडला की घसरते.

इथे संशोधनाचे लेख वाचतानाही एक फसगत होते. एका गोळीवर तीस ठिकाणी ठोके मारले तर तीस वर्णपट मिळतात, पण नमुना एकच असतो. काही जण हे सगळे वर्णपट एकत्र करतात, त्यांतले काही संगणकाला शिकवायला देतात आणि उरलेल्यांवर परीक्षा घेतात. निकाल झकास येतो. यायचाच, कारण परीक्षेतली गोळी संगणकाने आधीच पाहिलेली असते. खरी परीक्षा म्हणजे अख्खे रान बाजूला ठेवायचे, त्यातले एकही पान शिकवताना वापरायचे नाही, आणि मग त्याच पानांचे आकडे आम्लाच्या पद्धतीशी ताडून पाहायचे. जुळले तर मानायचे.

ठोक्या-ठोक्यातला जोराचा फरक काढायला आतला सोबती वापरतात. सुक्या पानात कार्बन साधारण सारखाच असतो, वजनाच्या चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास. म्हणून जस्ताची नुसती उंची न घेता कार्बनच्या रेषेशी तिचे गुणोत्तर घेतात. ठोका हलका बसला तर दोन्ही उतरतात, गुणोत्तर बऱ्यापैकी टिकते.

मूलद्रव्यागणिक स्वभावही वेगळा. पोटॅश आणि कॅल्शियम पानात भरपूर असतात, त्यांच्या रेषा लखलखीत येतात, आणि त्यातच अडचण आहे. प्लाझ्माच्या मध्यातून निघालेला पोटॅशचा प्रकाश बाहेरच्या थंड थरातले पोटॅशचेच अणू गिळून टाकतात. त्यामुळे प्रमाण वाढले तरी उंची त्या मानाने वाढत नाही आणि रेघ वरच्या टोकाला वाकते. सरळ रेघ समजून वाचले तर जास्त पोटॅशचे पान कमी पोटॅशचे दिसते. अशा वेळी मुद्दाम कमजोर रेषा निवडतात. स्फुरदाच्या रेषा मुळातच दुबळ्या, आणि २५३.५६ची रेषा तर लोहाच्या रेषेला चिकटून असते. नत्राची गोष्ट आणखी वेगळी. हवेत ७८ टक्के नत्रच आहे. उघड्या हवेत ठिणगी पाडली तर दिसणारा नत्र पानातला किती आणि हवेतला किती? त्यासाठी आरगॉन किंवा हेलियम सोडून हवा हटवावी लागते. उसाला सगळ्यांत आधी नत्राचा हिशेब लागतो, म्हणून ‘उघड्यावर एका ठोक्यात नत्र-स्फुरद-पालाश’ असे कुणी सांगितले तर हवेतल्या नत्राचे काय केले हे जरूर विचारा.

आता धूळ. बेळगाव-खानापूरच्या रस्त्याकडेचा ऊस उन्हाळ्यात तांबडा दिसतो. ती तांबडी धूळ म्हणजे लोहाची खाण. पान न धुता दळले तर अहवालात लोह भरपूर येते आणि पीक उपाशीच असते. ही लबाडी पकडायची एक चांगली खूण लेसरच देतो. टायटॅनियम मातीत असते, पानाला त्याची गरज नसते. वर्णपटात टायटॅनियमच्या रेषा उठून दिसल्या की पान नीट धुतलेले नाही असे समजायचे. झिंक सल्फेटची फवारणी होऊन आठवडाच झाला असेल तर तेही आधी सांगायला हवे, नाहीतर पानावर वाळलेले जस्त पानातले म्हणून मोजले जाते. स्टीलच्या पात्याची चक्कीसुद्धा भुकटीत थोडे लोह सोडू शकते.

लेसरची दुसरी एक पद्धत आहे, लेसर अ‍ॅब्लेशन आयसीपी-एमएस. तिच्यात ठिणगीचा प्रकाश बघत नाहीत. लेसरने उडवलेली धूळ हेलियम वायूबरोबर नळीतून आरगॉनच्या प्लाझ्मात नेतात, तिथे तिचे आयन होतात आणि वस्तुमानानुसार ते मोजले जातात. लिब्सपेक्षा ही कितीतरी बारीक मोजते, किलोमागे मिलिग्रॅमच्याही खूप खाली. निपाणीच्या तंबाखूसाठी हे महत्त्वाचे, कारण तंबाखूचे झाड जमिनीतले कॅडमियम, म्हणजे एक विषारी धातू, पानात ओढून घेते आणि ते अशाच पातळीवर मोजावे लागते. तंबाखूच्या बाबतीत एक सोय आहे: पोलंडमध्ये तंबाखूच्या पानांचेच प्रमाणित नमुने तयार झालेले आहेत, सीटीए-ओटीएल-१ हा त्यांतला एक. जुळणारा मॅट्रिक्स तयार मिळतो.

माणसाच्या दातातले शिसेही याच पद्धतीने मोजतात. दुधाच्या दातात लहानपणी अंगात गेलेल्या शिशाची नोंद राहते. १९७९ साली अमेरिकेत हर्बर्ट नीडलमन यांनी दुधाच्या दातांतले शिसे आणि मुलांची बौद्धिक वाढ यांचा संबंध दाखवला, तेव्हापासून या मोजमापाला फार वजन आले. लेसरने दात थरानुसार वाचता येतो. दातात आतला सोबती कॅल्शियम. आणि इथे एक खड्डा आहे. दाताच्या वरच्या इनॅमलमध्ये कॅल्शियम सुमारे ३७ टक्के, आतल्या डेंटिनमध्ये सुमारे २७. लेसर इनॅमलमधून डेंटिनमध्ये उतरला आणि हिशेबात ३७ तसेच राहिले, तर डेंटिनमधले शिसे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त फुगून दिसते. एखाद्या मुलाच्या आरोग्याचा निष्कर्ष अशा आकड्यावर काढायचा असेल तर ही चूक परवडणारी नाही.

यकृत, मेंदू यांसारख्या मऊ ऊतींचे काप तपासताना सोबती म्हणून कार्बन घेतात, पण तो तितकासा इमानी नाही. लेसर लागला की कार्बनचा काही भाग वायू होऊन जातो आणि धातू कणांच्या रूपात जातात. दोघांचा प्रवास सारखा होत नाही, मग एकाच्या मोजणीवरून दुसऱ्याची दुरुस्ती कशी करायची? म्हणून अनेक प्रयोगशाळा जिलेटिनमध्ये धातूंची मोजलेली द्रावणे मिसळून, ते गोठवून, ऊतीच्या कापाइतक्याच जाडीचे काप काढतात. लेसरने दोन्ही काप तळापर्यंत उडवले की तुलना बरीच न्याय्य होते.

एवढे सगळे जुळवल्यावरही आकड्यामागे ‘अधिक-उणे’ राहतोच. १४.५ अधिक-उणे २ याचा अर्थ खरे जस्त १२.५ ते १६.५ मध्ये कुठेही असू शकते, आणि १५ची हद्द त्याच्या मधोमध जाते. अशा अहवालावर दोन गुंठ्यांत जस्त घालून बघणे शहाणपणाचे, सगळ्या रानात नव्हे. अहवाल कन्नडमध्ये असो की मराठीत, त्यात अधिक-उणे छापलेला नसेल तर तो मागून घ्यावा. दर काही नमुन्यांमागे ओळखीचा एक नमुना ठेवून यंत्र सरकले नाही ना, हे पाहिले होते का, हेही विचारावे. चांगली प्रयोगशाळा याचा राग धरत नाही.

एक जागा अशी आहे की तिथे कॅलिब्रेशन कितीही चोख असले तरी लेसर कामाचा नाही. कृष्णाकाठच्या चुनखडीच्या रानात खोडव्याला केवडा पडतो, पाने पिवळी-पांढरी होतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हा लोहाच्या कमतरतेचा रोग. पण पिवळ्या पानातले एकूण लोह मोजले तर ते कधीकधी हिरव्या पानाइतके, क्वचित जास्तही निघते. द्राक्ष आणि पीचच्या बागांत हे नीट अभ्यासले गेले आहे. लोह पानापर्यंत पोचलेले असते, पण पेशींना वापरता येईल अशा रूपात नसते. दहा हजार अंशांच्या प्लाझ्मात वापरता येणारे आणि न येणारे लोह एकच होऊन जाते, त्यामुळे लेसरला हा फरक दिसणे शक्य नाही. केवड्यासाठी ताजे पानच न्यावे, ऑर्थो-फिनॅन्थ्रोलिन या रसायनाने त्यातले सक्रिय लोह काढून मोजतात. पान वाळवलेले नको, आणि तोडल्यावर शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोचलेले हवे.